शाश्वत विकासाची ध्येये आणि आपले महाविद्यालय: एका गावाच्या पाण्यापासून काम कसे उभे करावे

मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांच्या प्रवेशद्वाराजवळ आता सतरा रंगीत चौकोनांचा फलक दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेली आणि २०३० पर्यंत गाठायची ठरवलेली ही शाश्वत विकासाची १७ ध्येये होत; त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत. फलक एका दिवसात लागतो. त्यानंतर काय करायचे, असा विषय प्राध्यापकांच्या बैठकीत निघाला की एक वृक्षारोपण, एक प्रभातफेरी आणि एक निबंध स्पर्धा एवढ्यावर तो बहुधा संपतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने मीही अशा प्रभातफेऱ्या काढल्या आहेत, त्यामुळे हे दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. पुढील टिपण प्राचार्य, कार्यक्रम अधिकारी आणि तरुण सहकाऱ्यांसाठी आहे. सतराही ध्येयांना एकदम हात घालण्याऐवजी एका गावाचा एकच प्रश्न धरून तो पाच-सात वर्षे कसा चालवावा, याची ती कार्यपद्धती आहे.

विद्यापीठाकडे असे काय आहे, जे जिल्हा परिषदेकडे किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेकडे सहसा नसते? दरवर्षी नव्याने येणारे विद्यार्थी, मोजमाप आणि तपासणी करू शकणारे विभाग, आणि कोणत्याही योजनेच्या मुदतीपेक्षा मोठे आयुष्य. छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले, परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये, म्हणजे नेमके मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये. या काळात टंचाईच्या किती योजना आल्या आणि गेल्या, विद्यापीठे मात्र जागेवर आहेत. शिवाय आपल्या वर्गात बसलेली बहुतेक मुले ज्या गावांतून एसटीने येतात, तीच गावे आपल्या अभ्यासाचा विषय आहेत. इतका जवळचा अभ्यासविषय फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला येतो.

प्रश्न एकच निवडावा

आपल्या भागात हा प्रश्न पाण्याचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा धरण कोरडे पडले होते. त्यानंतर पाऊस बरा झालेली वर्षेही आली, पण उन्हाळ्यात टँकर आणि विहिरींचे अधिग्रहण हे शब्द आपल्या तालुक्यांच्या बोलण्यातून गेलेले नाहीत. कागदावर पाणी हे सहावे ध्येय आहे. गावात मात्र ते एकटे राहत नाही. हंडा कोण वाहते, हा पाचव्या ध्येयाचा, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेचा प्रश्न आहे. टंचाईच्या महिन्यांत कोणत्या वर्गातील मुलींची गैरहजेरी वाढते, हा चौथ्याचा. कोणते पीक घ्यावे, हा दुसऱ्याचा. आणि पावसाचे खंड का वाढताहेत, हा तेराव्याचा. एका प्रश्नाचा माग नीट काढला की निम्मा फलक आपोआप हाती येतो. उलट सतरा समित्या नेमल्या तर सतरा इतिवृत्ते तयार होतात, आणि ती लिहिणारा माणूस बहुधा एकच असतो.

गाव कसे निवडावे

पुरस्कार मिळालेले, पाहुण्यांना दाखवण्याजोगे गाव घेऊ नये. महाविद्यालयापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असलेले, आपले निदान आठ-दहा विद्यार्थी जिथून येतात असे, आणि जिथला सरपंच फोन उचलतो असे साधे गाव घ्यावे. उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडणाऱ्या केंद्राच्या उन्नत भारत अभियानात सहभागी असलेल्या संस्थांनी किमान पाच गावे दत्तक घेणे अपेक्षित असते. त्या पाचांपैकी एक मुख्य मानून तिथे सारी ताकद लावावी, बाकी चार ठिकाणी तीच पद्धत सावकाश न्यावी. ‘दत्तक’ हा शब्द सरकारी कागदात असतो म्हणून लिहावा लागतो. गावात तो उच्चारू नये. एका वयस्क शेतकऱ्याने आम्हाला विचारले होते, “सर, आम्ही काय पोरके हाव का?” त्या दिवसापासून आमच्या तोंडी ‘सोबतीचे गाव’ हा शब्द आला.

काम सुरू करण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी. केवळ सरपंचांचे पत्र पुरेसे नाही, कारण सरपंच बदलतो आणि नवा सरपंच जुन्याची पाहुणी माणसे सहसा ठेवून घेत नाही. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल आपल्या फाइलमध्ये असली म्हणजे पाच वर्षांनीही दार उघडे राहते.

केव्हा जावे

या बाबतीत आम्ही चुकलो, आणि ती चूक जशी झाली तशी सांगितलेली बरी. पहिल्या वर्षी आम्ही घरोघरचे सर्वेक्षण डिसेंबरात, विशेष शिबिराच्या सात दिवसांत केले. विद्यार्थ्यांनी उत्साहाने फॉर्म भरले, तक्ते झाले, आणि त्यांतून असे निघाले की गावात पाण्याची चणचण तशी बेताचीच आहे आणि भूमिहीन कुटुंबे फारशी नाहीत. अहवाल वाचून गावातलाच आमचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, वरच्या वस्तीची कुलपं मोजलीत का?” मोजली नव्हती. वरच्या वस्तीतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली होती; दसऱ्यानंतर गेलेली कोयती, म्हणजे तोडणीची जोडपी, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ज्यांच्याकडे जमीन कमी, विहीर नाही आणि उन्हाळ्यात ज्यांना टँकरच्या रांगेत उभे राहावे लागते, नेमकी तीच माणसे आमच्या तक्त्यातून गळाली होती.

म्हणून सर्वेक्षण दोनदा करावे: एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सगळे गावात असताना, आणि दुसऱ्यांदा एप्रिलच्या शेवटी, तोडीवरून माणसे परतल्यावर. बंद घराची नोंद ‘प्रतिसाद नाही’ अशी न करता घर का बंद आहे आणि माणसे कोणत्या जिल्ह्यात गेली आहेत, हे शेजाऱ्यांकडून विचारून लिहावे. स्त्रियांचे आरोग्य आणि पाणी यांविषयीचे प्रश्न विद्यार्थिनींनीच विचारावेत आणि तेही घरातील पुरुष शेतावर असताना. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तो विषय ओसरीवर, चार माणसांत बसून विचारण्याजोगा नाही, हे मुलींना आधी शिकवून पाठवावे.

विहीर कशी मोजावी

सर्वेक्षणातील उत्तरांपेक्षा विहिरीच्या पातळीची नोंद अधिक काळ टिकते, म्हणून खरी मेहनत इथे घ्यावी. गावाच्या शिवारात ओढ्याकाठच्या, मधल्या पट्ट्यातल्या आणि माळावरच्या मिळून दहा-बारा विहिरी निवडाव्यात. त्यांत गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर असलीच पाहिजे. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तैलरंगाने एक लाल ठिपका काढावा आणि दर वेळी त्याच ठिपक्यापासून खाली मोजावे. कठडा सगळीकडे सारख्या उंचीचा नसतो. एका विद्यार्थ्याने पूर्वेकडून आणि दुसऱ्याने पश्चिमेकडून मोजले, तर एका महिन्यात पाणी वीतभर चढले, असा चमत्कार नोंदवहीत घडतो.

साधन साधेच असावे. तीस मीटरची टेप, तिच्या टोकाला बांधलेले वजन आणि टेपच्या शेवटच्या मीटरभर भागावर घासलेला खडू. टेप पाण्यात थोडी बुडवून वर ओढली की खडू जिथपर्यंत ओला झाला ते स्पष्ट दिसते. ठिपक्याशी वाचलेल्या आकड्यातून हा ओला भाग वजा केला की पातळी मिळते. पाण्याकडे वाकून अंदाज करण्याची गरज उरत नाही, आणि विद्यार्थ्याने कठड्यावर वाकू नये, हा सुरक्षिततेचा नियम तर आहेच. बिनकठड्याच्या विहिरीवर विद्यार्थ्यांना पाठवू नये, मग ती नोंदीसाठी कितीही मोक्याची असो.

वेळेचा नियम मात्र इतका साधा नाही. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर मोजलेली पातळी ही उपशाची पातळी असते, भूजलाची नव्हे. पहाटे मोजावे म्हटले तर शेतीच्या विजेची पाळी त्या आठवड्यात रात्रीची असू शकते आणि पहाटे विहीर उपसून मोकळी झालेली असते. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याला फोन करून वीज कोणत्या पाळीला आहे ते विचारावे, आणि मोटार बंद होऊन किती तास झाले ते नोंदवहीत पातळीशेजारीच लिहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा घेते. आपण दरमहा घेतल्या, तर त्यांच्या नोंदींच्या मधल्या महिन्यांत काय घडले, हे आपल्याला सांगता येईल.

पाण्याचा ताळेबंद

या नोंदींना अर्थ येतो तो ताळेबंद मांडल्यावर. गणित सातवीच्या मुलालाही जमेल असे आहे: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. म्हणजे गावावर ७०० कोटी लिटर पाणी पडले. त्यातले बरेचसे बाष्प होऊन जाते, काही ओढ्याने निघून जाते, काही काळी माती धरून ठेवते. आपल्या पायाखालच्या बसाल्टात खोल मुरून साठणारा भाग साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास धरला, तर तो ७० कोटी लिटर झाला; कठीण काळ्या पाषाणाच्या पट्ट्यात तो याहून कमी भरतो.

आता खर्चाची बाजू पाहावी. गावाची लोकसंख्या २,००० आणि जल जीवन मिशनच्या प्रमाणाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला ४ कोटी लिटरांच्या किंचित वर पाणी पुरते. सत्तरातले चार. मग उन्हाळ्यात टँकर का लागतो? उसाची वर्षाची गरज २,००० मिलिमीटरच्या घरात धरतात. त्यातला ७०० मिलिमीटर पाऊस सगळाच उपयोगी पडला असे उदारपणे मानले, तरी १,३०० मिलिमीटर उपशातून द्यावे लागतात, म्हणजे हेक्टरी १ कोटी ३० लाख लिटर. साऱ्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी म्हणजे साधारण पावणेआठ एकर उसाचे पाणी. अशा गावात ५० हेक्टर ऊस उभा असेल, तर तो एकटाच ६५ कोटी लिटर मागतो, आणि जमिनीत मुरलेले होते ७० कोटी. ठिबकवर ही मागणी बरीच उतरते. हरभऱ्याला एखादे संरक्षित पाणी द्यायचे म्हटले, तर ५० मिलिमीटरच्या हिशेबाने हेक्टरी ५ लाख लिटर पुरतात.

पिकांखालचे खरे क्षेत्र तलाठ्याकडील नोंदींतून आणि २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतून घ्यावे, पण ते शिवारफेरीत पडताळून पाहावे. पाऊस महसूल मंडळाच्या केंद्राचा मिळतो. मात्र मंडळात पाऊस आणि गावात ऊन, हे आपल्याकडे नित्याचे आहे, म्हणून गावच्या शाळेत एक साधे पर्जन्यमापक बसवून त्याची नोंद शाळेतील मुलांकडे द्यावी. आमच्या गावात सातवीतील एका मुलीने दोन पावसाळे ती वही अशी चोख ठेवली की पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती नमुना म्हणून दाखवावी लागली.

ताळेबंद मांडताना एक पथ्य पाळावे. गावात जाऊन उसाला शिव्या देऊ नयेत. उसाला ठरलेला दर आहे, नेणारा कारखाना आहे, अवकाळीत तो सोयाबीनसारखा हातचा जात नाही. शेतकऱ्याने तो लावण्यामागे हिशेब आहे. आपण आपला हिशेब त्याच्या हिशेबाशेजारी ठेवावा आणि निर्णय त्याच्याकडे सोडावा. पर्याय सुचवायचाच असेल, तर त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाची किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसे सोबत न्यावीत. रुंद वरंबा सरीवरची सोयाबीनची पेरणी, बदनापूरच्या संशोधन केंद्राचे तुरीचे वाण, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साहाय्याने विकसित होऊन २०१८ मध्ये आलेला, लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण, या गोष्टी समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेल्या अधिक पटतात.

कोणत्या विभागाने काय करावे

रसायनशास्त्र विभागाने पिण्याच्या पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासावेत. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. बोअर जितके खोल, तितके फ्लोराइडकडे अधिक लक्ष द्यावे. मात्र आपल्या प्रयोगशाळेत आकडा जास्त आला म्हणून गावात जाहीर करण्याची घाई करू नये. आधी तोच नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवून खात्री करावी. चुकीच्या आकड्याने एक चांगली विहीर बदनाम होते आणि बदनामी लवकर पुसली जात नाही. भूगोलाने नकाशे, अर्थशास्त्राने पिकांचा हिशेब, गृहविज्ञानाने स्त्रियांच्या वेळेच्या वापराचा अभ्यास, ही वाटणी उघडच आहे.

मराठी विभागाला मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत उपयोगी पडला. ग्रामसभेपुढे ठेवायचे टिपण आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी ‘भूजल पुनर्भरणाचे प्रमाण उपशाच्या तुलनेत अपर्याप्त’ असे लिहिले होते. मराठीच्या बाईंनी ते ‘जेवढे मुरते त्याहून जास्त आपण उपसतो’ असे केले. एका पानावर, मोठ्या टाइपात, इतक्या साध्या भाषेत टिपण नसेल, तर ते ग्रामसभेत वाचले जाणार नाही.

तास, श्रेयांक आणि ग्रामसभेची तारीख

हे सारे विद्यार्थ्यांच्या मोकळ्या वेळेवर चालत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यांतले निम्मे या एका कामासाठी राखून ठेवावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्काच्या कार्यक्रमाला श्रेयांक आहेत. विद्यार्थी शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प घेऊन येतात, ही तक्रार आपण सगळेच करतो. विहिरीची बारा महिन्यांची नोंद तशी विकत मिळत नाही. श्रेयांक नोंदवहीला द्यावेत, बांधणी केलेल्या अहवालाला नव्हे.

गावाच्या बाजूने महत्त्वाची तारीख २ ऑक्टोबर. त्या दिवशीच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची चर्चा सुरू होते. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने शाश्वत विकासाची ध्येये गावपातळीवर आणण्यासाठी नऊ संकल्पना ठरवल्या आहेत, त्यांत ‘जलसमृद्ध गाव’ ही एक आहे, आणि आराखडा त्यांपैकी निवडलेल्या संकल्पनेभोवती बांधायचा असतो. आपला ताळेबंद सप्टेंबरच्या अखेरीस तयार असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला तो थेट वापरता येतो. नोव्हेंबरात नेलेल्या उत्तम अहवालाचे स्वागत होते आणि तो कपाटात जातो. आराखड्यात आपल्या नोंदींवरून एखादे काम आले, मग ते पाझर तलावातील गाळ काढण्याचे असो की पिण्याच्या विहिरीभोवती ठरावीक अंतरात नवे बोअर न घेण्याच्या ठरावाचे, तर त्या वर्षी आपण ध्येयासाठी काही केले, असे म्हणता येईल.

विद्यापीठाने काय करावे

संलग्न महाविद्यालये आपापल्या परीने मोजत राहिली, तर शंभर ठिकाणचे आकडे शंभर नमुन्यांत साचतील आणि एकमेकांशेजारी ठेवता येणार नाहीत. म्हणून विद्यापीठाने नोंदीचा एकच तक्ता ठरवून द्यावा, दरवर्षी जूनमध्ये तो भरून घ्यावा आणि साऱ्यांना खुला ठेवावा. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना त्या साठ्यावर विषय द्यावेत. असे सहकार्य अशक्य नाही: मराठवाड्यातील आठही जिल्हे ज्यात आहेत त्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत आयआयटी मुंबईने शासनाबरोबर बसवली. मुंबईहून आपल्या गावांचा ताळेबंद मांडला जातो, तर पंधरा किलोमीटरवरून तो पडताळून पाहणे आपल्याला का जमू नये?

परिसरातील सौर पॅनल, छतावरच्या पाण्याचे पुनर्भरण, मेसच्या खरकट्याचे खत, ही कामे अर्थातच करावीत; त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. फक्त वसतिगृहाच्या टाकीवर एक पाण्याचे मीटर बसवावे. गावाला ५५ लिटरांचा हिशेब सांगणारे आपण स्वतः माणशी किती वापरतो, हा प्रश्न ग्रामसभेत कोणीतरी विचारणारच. आम्हाला विचारला होता, आणि आमच्याकडे आकडा नव्हता.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी तिसऱ्या आणि सातव्या निकषात हे काम सहज बसते, पण छायाचित्रे त्याच दिवशी तारखेनिशी लावून ठेवावीत; नंतर शोधताना प्रत्येक फोटोत तोच बॅनर दिसतो आणि वर्ष ओळखू येत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि बहुतेक कामे त्या तिसऱ्या वर्षी बुडतात. ते टाळण्यासाठी नोंदवहीला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक द्यावा, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि कार्यभार देताना जुन्या अधिकाऱ्याने नव्याला घेऊन त्या दहा-बारा विहिरींवर एकदा समक्ष फिरावे. जाताना रंगाचा डबा आणि कुंचला बरोबर असावा. तीन पावसाळ्यांत कठड्यावरचा लाल ठिपका पुसट झालेला असतो, आणि तो नेमका कुठे होता हे जुन्या अधिकाऱ्यालाच आठवत असते.